बित्ताभर

संघाची यादी सगळ्यात आधी माझ्याकडे येते.
प्राचार्यांची सही वाळायच्या आत
बोकडे शिपाई दुकानासमोर सायकल आडवी लावतो,
म्हणतो, पाच कॉप्या, जरा गडद मार.
मी सहा मारतो.
सहावी गल्ल्याखाली, मागच्या सगळ्या सहाव्यांसोबत.

त्या कॉलेजात शिकलो असं म्हणायला
बी.कॉम.चं दीड वर्ष आहे फक्त.
बाकीचं शिक्षण कंपाउंडच्या भिंतीवर झालं,
पाय आतल्या बाजूला सोडून.

मैदान निंबाकडे उतरतं.
मध्यंतरानंतर ज्याला निंबाकडे मारायचं त्याचं फावतं,
हे आम्हाला माहीत, आणि कामठीवाल्यांना माहीत.
बाकीची कॉलेजं येतात, चार-चार गोल खातात,
वर समोसे खाऊन जातात.
त्यांच्यावर कोणी रागावत नाही.
राग जपून ठेवावा लागतो, वर्षातून एका दुपारसाठी.

कामठीचे पोट्टे तीन टेम्पो भरून येतात.
एक पत्र्याचा डबा, एक फुटकी शिट्टी,
आणि शिव्या अशा, की शिव्यांनाही चाल असते.
आमचे म्हणतात, कन्हानचं पाणीच तसं,
सरळ डाव्या पायात उतरतं.

शहाण्णवची फायनल.
चार मिनिटं उरलेली, शून्य-शून्य.
लतीफ नावाचा काडीसारखा पोट्टा कडेने निघाला,
चेंडू रेषेबाहेर गेला.
गेला म्हणजे गेला, मी भिंतीवर होतो, बरोबर वर.
आमच्या एझ्रा अमोलिकने गोलमधून हात वर केला
आणि हात वर असतानाच जाळी हलली.
रेफरी उमरेडचे. त्यांना रेषा दिसली नाही.
दिसणार कुठून, चुना सकाळीच शेळ्यांनी पुसला होता.

एझ्रा वर्ध्याला बँकेत मॅनेजर झाला.
अजून भेटला की हात वर करतो.
नमस्कार नाही तो.

जुलैत, उकाड्यात, कुलरमध्ये पाणी भरत होतो,
एक माणूस आला, दाढी मेंदीने लाल, सोबत उंच पोरगा.
डोमिसाइल, टीसी, मार्कशीट, खेळाचं सर्टिफिकेट,
सगळ्याच्या तीन-तीन.
पोराचं नाव वाचलं. बापाचं नाव वाचलं.
पान दोन रुपये आहे माझ्याकडे.
मी तीन लावले.

पैसे मोजता मोजता तो भिंतीकडे पाहत म्हणाला,
मैदान अजून निंबाकडेच उतरते का?
मी म्हटलं, उतरते. तो बॉल बाहेर होता.
कोणता, हे त्याने विचारलं नाही.
अंगठा आणि करंगळी ताणून
काउंटरच्या काचेवर ठेवली.
बित्ताभर, म्हणाला.

इतकी वर्षं वाटत होतं, हे ऐकलं की काहीतरी होईल.
काही झालं नाही. मशीन तापलं, पान अडकलं,
पोराने झाकण उघडून अलगद ओढून दिलं,
डाव्या हाताने.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.
टपरीवर संध्याकाळी आम्ही सात जण असतो,
तर्री संपते, पोहे संपतात, तो गोल संपत नाही.
त्यांना कसं सांगू, की मिटलं?
मग सामन्यापर्यंत बोलायचं काय?

आज यादी आली. अठरा नावं.
अकरा नंबरवर अफ्फान लतीफ कुरेशी.
आपला.
म्हणताना जीभ जरा अडली, पण आपला.
सप्टेंबरात तीन टेम्पो येतील,
त्याच्याच गल्लीतले त्याला चालीवर शिव्या घालतील.
बाप कोणाच्या बाजूला बसेल, देव जाणे.
भिंतीवर चढायला मला आता स्टूल लागतं.

बोकडे कॉप्या मोजत म्हणाला, सात काहून?
मी म्हटलं, मशीनले विचार.
मग गांधीबागेत फोन करून चुन्याची एक गोणी सांगितली.
रेषा यंदा मी स्वतः आखणार आहे,
पहाटे, जाड.
शेळ्या हाकलायला कोणी तरी पाहिजे.